आता त्याची बारी

"गप बसा! त्याची बारी हाय."

सनई तोंडातून काढायची, डावा हात वर करायचा, पंजा लोकांकडे, आणि मान तिरकी करून कान कुठंतरी लांब लावायचा. नाना असे उभे राहिले की नवख्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याला चक्कर आली. थेरगावच्या एका मंगल कार्यालयात तर नवरीचा मामा पाण्याचा ग्लास घेऊन धावत आला होता. "अहो, वाजवा की! थांबलात का?" नानांनी ग्लासाकडे बघितलंसुद्धा नाही. सनई परत तोंडाला लावायच्या आधी एवढंच म्हणाले, "दोघं बोलत असताना तिसऱ्यानं मधी तोंड घालू नये, पाव्हणं."

मामा माझ्याकडे बघायला लागला. स्टेजवर सनईवाले नाना, सूर, म्हणजे एकच स्वर देणारी साथीची सनई, धरून बसलेले त्यांचे चुलतभाऊ तात्या आणि संबळावर मी. यातले बोलणारे दोघं कोण, हे त्याला कळेना. तुम्हालाही कळलं नसेल. सांगतो.

नानांचं गाव चाकणच्या पलीकडं, भैरोबाच्या डोंगराखाली. त्या डोंगराला गावाच्या बाजूनं सरळसोट काळा कडा होता. होता म्हणतोय, त्याच्याकडे नंतर येतो. कड्यासमोरच्या माळावर उभं राहून सनई वाजवली की कडा तेच सूर परत द्यायचा, जरा दमानं, जरा जाड आवाजात. नानांच्या आज्यानं त्यावर एक धून बसवली होती. घरात तिला 'चढण' म्हणत. करवंदीच्या जाळीतली पायवाट, मग झरा, मग खिंडीतला वारा आणि शेवटी कडा, असा सगळा डोंगर त्या धुनेत पायथ्यापासून वर चढायचा. तिला शब्द नव्हते. कुणी विचारलं तर नाना म्हणत, "डोंगराला कुठं शब्द हायेत? मग आमी कशाला घालावं?"

आणि त्या धुनेत जागोजागी रिकामी जागा होती. सनईनं एक ओळ वाजवायची आणि थांबायचं. पुढची ओळ डोंगराची. बैलगाड्यांच्या शर्यतीत घाटात जशी एकेका गाड्याची बारी, तशी ही डोंगराची बारी. नाना 'चढण' कुठंही वाजवोत, थेरगावात वाजवोत नाहीतर रावेतच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ती जागा रिकामीच सोडायचे. मी एकदा म्हणालो, "नाना, इथं कुठं आलाय डोंगर?" तर माझ्यावरच उसळले. "त्यो लांब हाय म्हणून त्याची जागा दुसऱ्याला द्यायची व्हय रं?"

आमची ओळख भोसरीतल्या एका कारखान्यातली. ते पत्रा ठोकायच्या प्रेसवर, मी लेथवर. मी लातूरकडचा, घरात गोंधळाचं संबळ. इकडे आल्यावर संबळ खोलीत खुंटीला लटकलेलं आणि मी चहाच्या सुट्टीत डब्याच्या झाकणावर बोटं आपटत बसलेलो. एक दिवस मागून आवाज आला, "डबा फोडशील लेका. घरी संबळ हाय का?" म्हटलं, हाय. "मग उद्यापास्नं माझ्यामागं वाजव." झाली आमची मुलाखत.

माणूस महातापट. कॅन्टीनच्या पातळ वरणावरून भांडण, कंपनीच्या बसवाल्याशी हॉर्नवरून भांडण. "अरं, दाबायचाच तर एका सुरात तरी दाब!" ड्रायव्हर बिचारा बिहारचा, त्याला वाटायचं काका आशीर्वाद देतायत, तो हसून आणखी जोरात दाबायचा. आमच्या तिकडं डोंगर नाहीत यावरून माझी रोजची टिंगल. "तुमच्याकडं परत बोलणारं कुणी न्हाई, म्हणून तुमी एकटंच बडबडता." नाना सगळ्यांवर तोंडसुख घेत, फक्त तात्यांवर नाही. तात्यांचं काम एकच, सगळी धून संपेपर्यंत गाल फुगवून एकच सूर धरून ठेवायचा. ते एरवीही बोलत नसत. नाना म्हणायचे, "तात्याचं बरं हाय. त्याला जन्मात एकच गोष्ट सांगायची हाय, आणि ती खरी हाय."

पहिल्यांदा मी माळावर वाजवायला गेलो ते भैरोबाच्या जत्रेला. नानांनी पहिली ओळ वाजवली, हात वर केला, आणि कड्यातून ती ओळ परत आली. अंगावर काटा आला, राव. मी इतका बावचळलो की संबळ थांबवायचं विसरलो, आणि मग माझे ठोकेही कड्यातून परत यायला लागले, माझ्याच ठोक्यांवर आपटायला लागले, नुसता गोंधळ. नाना चिडतील म्हणून मी मान खाली घातली. तर गडी हसत होता. "घाबरू नको. त्यानं तुला वळख दिली. आता त्यो बोलतोय तवा तू आवाज करू नको म्हंजे झालं."

पुढं चिंचवडच्या एका स्टुडिओत आमचं रेकॉर्डिंग ठरलं. 'चढण' वाजवून झाल्यावर कानाला हेडफोन लावलेला माणूस म्हणाला, "काका, मस्त! ते मधले गॅप मी कट करतो. लोक पुढं ढकलतात." नाना सनई पुसायला लागले. त्याला वाटलं, काका खूश आहेत. "नाहीतर असं करू, गॅपमध्ये इको टाकतो. एकदम डोंगराचा फील येईल." नाना उठले, सनई फडक्यात गुंडाळली. "टाकतो? त्यो काय मीठ हाय टाकायला?" आणि बाहेर. आम्ही त्यांच्यामागं. आमचं रेकॉर्डिंग जन्मात झालं नाही ते असं. तेव्हा मला हसू आलं होतं. आता कुठं 'चढण' ऐकायची म्हटलं तर ती नाही, आणि हसू तर नाहीच नाही.

आता डोंगराचं सांगतो.

गावचे सरपंच पुढं झाले आणि कड्याच्या बाजूला खडीची खाण सुरू झाली. आधी पायथा, मग सुरुंग लावत लावत वर. नाना जाऊन भांडले, ग्रामसभेत उभे राहून भांडले. सरपंच माणूस गोड. खांद्यावर हात ठेवून बोलणार. "नाना, तुमच्या कंपनीखाली भरावाला काय घातलंय? ज्या रस्त्यानं तुमची बस जाते त्याची खडी काय आभाळातनं पडली?" नाना सभेतून उठून घरी निघाले. मला या गोष्टीचा राग आजही आवरत नाही. माणूस पोटासाठी कारखान्यात गेला, म्हणून त्यानं स्वतःच्या डोंगराबद्दल तोंड उघडायचं नाही? खडी खाल्ली होती का त्यानं? आणि ज्यांनी डोंगर फोडला त्यांनी मात्र छाती काढून हिंडायचं!

दर जत्रेला फरक कळायला लागला. आधी ओळीचा शेवट यायचा बंद झाला. नाना म्हणाले, "घसा बसलाय त्याचा. धूळ लई झाली." घरात कुणी आजारी असावं तसं बोलायचे. मग नुसती वरची पट्टी यायची, मग तीही अर्धीमुर्धी. सरपंच देवळाच्या पायरीवर चार टाळकी घेऊन बसलेले. त्यांनी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "डोंगराला काही झालं नाही, नाना. प्रेसवर राहून तुमचे कान गेलेत." लोक फिदीफिदी हसले. देवाच्या दारात, म्हाताऱ्या माणसाला.

नाना त्या वर्षी पहिल्यांदाच भांडले नाहीत. एक ओळ वाजवली, हात वर केला, बराच वेळ तसेच थांबले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुला तरी आलं का रं?"

"नाही, नाना."

"मग कान शाबूत हायेत माझं," ते म्हणाले, आणि त्यांना हायसं वाटलेलं मला दिसलं. असल्या गोष्टीनं हायसं वाटायची पाळी आणली त्या लोकांनी एका सनईवाल्यावर. तळतळाट झाला जिवाचा.

कडा संपला. त्याच्या जागी सपाट जमीन झाली, जमिनीवर उंच उंच बिल्डिंगी आल्या, आणि हायवेला फलक लागले, 'डोंगराच्या कुशीत आपलं घर'. कुठला डोंगर? कसली कूस? उद्‌घाटनाला स्थानिक कलाकार हवेत म्हणून सरपंच स्वतः आमंत्रण घेऊन आले. बिल्डरबरोबर त्यांची भागीदारी होती, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला वाटलं, नाना आता यांना उभं-आडवं घेणार. नाना म्हणाले, "येतो."

उद्‌घाटनाला जाताना बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून बसलो. मला खरंच चीड आली होती. शेवटी तेच बोलले. "रुसू नको. मी तिथं त्याच्या जागंवर जाऊन 'चढण' वाजवणार. ओळ वाजवीन आणि थांबीन. एवढी माणसं येतील, घरं घेणारी. त्यांना ऐकू दे, तिथं काय न्हाई ते. परत कायबी येणार न्हाई. तेवढं गपगार त्यांच्या कानात घालून येतो."

तेव्हा मला कळलं, हा माणूस काय घेऊन निघालाय. अख्खा डोंगर नेला लोकांनी, याच्याकडे उरली होती फक्त त्याची रिकामी जागा. तीच तो सगळ्यांसमोर मांडणार होता.

स्टेज मोठं, फुगे, सरबत, पुढच्या रांगेत सरपंच आणि बिल्डर. स्टेजसमोर बिल्डिंगी. तात्यांनी सूर धरला, मी संबळ धरलं, आणि नानांनी पहिली ओळ वाजवली. इतकी चांगली त्यांनी कधी वाजवली नव्हती. मग सनई काढली आणि हात वर केला.

आणि ओळ परत आली.

बिल्डिंगीतून. फटकन, पत्र्यासारखी, एकीवरून दुसरीवर आपटत, दोनदा. कड्याचा तो दमानं येणारा जाड आवाज कुठं आणि हे कुठं! पण आली, अख्खी आली, शेवटच्या सुरासकट. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. माइकवाला ओरडला, "वा! आपल्या टॉवर्सनीही दाद दिली!" सरपंच मान डोलवत होते.

मी नानांकडे बघितलं. कुणी घरात शिरून मेलेल्या माणसाचे कपडे घालून समोर बसल्यावर व्हावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता. आणि मग ते त्या बिल्डिंगीवर ओरडले, जीव तोडून, "गप! तुझी बारी न्हाई ही!"

बिल्डिंगीनं तेही परत दिलं. लोक हसले. त्यांना वाटलं, कार्यक्रमातलाच भाग आहे.

नाना खाली उतरले ते थेट बसस्टॉपवर. त्यानंतर लग्नांत वाजवायचे, आरतीला वाजवायचे, पण 'चढण' पुन्हा कधी वाजवली नाही. माझ्या पोरीच्या लग्नात मी हट्ट धरला, तर म्हणाले, "आता थांबायचं म्हटलं की त्यो पत्र्याचा आवाजच येतो रं कानात." भांडणंही कमी झाली. कॅन्टीनचं वरण पातळ असलं तरी मुकाट खायचे. ते बघून मला वाईट वाटायचं.

मागच्या थंडीत नाना गेले. दशक्रिया नदीच्या घाटावर. इकडच्या भागात दशक्रिया म्हणजे प्रवचन, आणि त्याच्या मागून पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. माजी झालेले सरपंच पहिल्याच रांगेत, पांढरेशुभ्र, कागदावर मुद्दे काढून आलेले. प्रवचन संपलं तेव्हा तात्या उठले, कुणाला न विचारता पिशवीतून सूर काढला आणि गाल फुगवले. मी संबळ गळ्यात घातलं. कुठली धून, हे आम्ही ठरवलं नव्हतं. ठरवायची गरजही नव्हती.

सनई नव्हती. पायवाटेला नुसता सूर आणि संबळ, झऱ्याला नुसता सूर आणि संबळ. नानांच्या ओळी आमच्या दोघांच्याच कानात वाजत होत्या. कड्याशी आलो आणि थांबलो. तात्यांनीही सूर सोडला, जन्मात पहिल्यांदा. घाटावर नदीशिवाय आवाज नाही.

तेवढ्यात माइक खरखरला. संपलं असं समजून सरपंच उभे राहिले होते. "नाना म्हणजे आपल्या डोंगराचा आवाज..."

"गप बसा!" मी ओरडलो. माझा डावा हात आपोआप वर गेला होता, पंजा सरपंचांकडे. "त्यांची बारी हाय!"

सरपंच माइक धरून तसेच उभे राहिले. सगळा घाट माझ्याकडे बघत होता. मी हात खाली घेतला नाही.