नाव न घेता चालणारा स्पीकर

तमाम वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, मुक्काम येडशी, जिल्हा धाराशिव येथील एका इसमाने एका स्पीकरपुढे हात टेकले आहेत. इसम म्हणजे मी, दत्ता. आणि स्पीकर म्हणजे लग्नात लावतो तसलं कपाटाएवढं धूड नव्हे... अर्धा किलो पेढ्याच्या खोक्यात मावेल एवढी एक डबी. अडकवायला नाडी, वर चार बटणं, कडेनं निळा दिवा. बस.

आधीच सांगून ठेवतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तीस वर्षं मांडव आणि साऊंडचा धंदा केलाय. एकदा एका जत्रेत बंद मशीनमधून माणूस बोलायला लागला म्हणून अख्खा तमाशाचा तंबू रिकामा झाला होता. मी मागं जाऊन अर्थिंगची वायर नीट खोचली, भूत गेलं. तेव्हापासून माझं एकच तत्त्वज्ञान : आवाज आला की त्याला वायर असते. वायर नसली तर बॅटरी असते. बॅटरीही नसली तर शेजाऱ्याचा टीव्ही असतो.

या तत्त्वज्ञानाला ज्यांनी सुरुंग लावला त्या माझ्या आत्या. वय अठ्ठ्याहत्तर. ढोकीच्या पलीकडं शेतात घर, एक म्हैस, अंगणात दोन लिंबं, आणि आजूबाजूला ऊसच ऊस. मामा, म्हणजे आत्यांचे मालक, तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांची मुलगी संगीता पुण्याला असते. गेल्या दिवाळीत आत्या गोठ्याजवळ पाय घसरून पडल्या आणि तासभर तिथंच पडून राहिल्या. हाका मारत होत्या, पण ऐकणार कोण? मोबाईल घरात फळीवर. आणि तो हातात असता तरी उपयोग नव्हता, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, आकडे दिसत नाहीत.

धावत आलेल्या संगीतानं आत्यांच्या घरून मला फोन केला. "दत्तादादा, आता मी आईला घेऊन जाते."

आत्यांनी पलीकडून ठणकावलं, "म्या न्हाय येणार. चौथ्या मजल्यावर म्हस कुठं बांधू?"

दोघी माझ्या जिवाभावाच्या. मध्ये पडलो आणि बोलून गेलो की हल्ली आवाजावर फोन लावणारे स्पीकर मिळतात. संगीता म्हणाली, "ठीक आहे. एक महिना. त्या डबीनं आईची हाक तुझ्यापर्यंत पोचवली तर ती इथं राहील. नाही पोचवली, तर महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी येणार आणि तिच्या साड्या बॅगेत भरणार."

म्हणजे परीक्षा स्पीकरची, पण नापास झाला तर घर सोडायचं आत्यांनी. असला पेपर मी कधी तपासला नव्हता!

तर माझा अहवाल. आवाज त्याच्या अंगाच्या मानानं दणदणीत. बास म्हणाल तर डासाच्या ढेकरेएवढा. बॅटरीला मात्र मानलं, दिवसभर लाईट नव्हती तरी टिकली. नेटसाठी मी माझा जुना मोबाईल खिडकीत चार्जिंगला लावून ठेवला. मराठी कळते असं खोक्यावर लिहिलेलं... पण कुठली मराठी, ते लिहिलं नव्हतं. मी त्याला जागं करून दिलं, आत्या कौतुकानं त्याला म्हणाल्या, "लई ऊन हाय रे आज." त्यानं अदबीनं उत्तर दिलं, "माफ करा, ‘लई’ नावाचं ठिकाण सापडलं नाही."

पण खरी गोम पुढंच होती. या स्पीकरला जागं करायला आधी त्याचं नाव घ्यावं लागतं. नाव कंपनीनं ठेवलेलं, बदलता येत नाही. नाव आहे... माधव.

आणि मामांचं नाव माधवराव.

हसू नका! आत्यांनी लग्न झाल्यापासून मालकांचं नाव उच्चारलेलं नाही. इतकं की ‘मध’ हा शब्दसुद्धा त्या घेत नाहीत. औषधाचं चाटण आत्यांच्या घरी ‘मोहळाच्या गोडातून’ घ्यायचं असतं. मामांना त्या आयुष्यभर एकच हाक मारत आल्या, "अहो". आणि मामा? ते ओट्यावर ट्रान्झिस्टर कानाला लावून बसलेले. पहिली "अहो" वाऱ्यावर. दुसरी लिंबावर. तिसरी म्हशीला ऐकू जायची. चौथीला मामा मान वळवून विचारायचे, "मला काही म्हणालीस का गं?"

"आत्या, हे यंत्र आहे," मी समजावलं. "म्हणा की एकदा, माधव!"

"तू म्हण. तुझे मामा व्हते, तुला काय!" आत्यांनी पदर डोक्यावर ओढला. "ह्या वयात बाटवतोस व्हय मला?"

पंधरा दिवस डबी ओट्यावरच्या खुंटीला लटकून राहिली, मुकी. मी हवालदिल. शेवटी आत्यांनीच वाट काढली. एका सकाळी मी ओट्यावर चहा पीत बसलेलो. आत्या डबीसमोर उभ्या राहिल्या, खाकरल्या, लाजल्या — अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हो! — आणि म्हणाल्या :

"ढोकीच्या वाटेवर ट्रॅक्टरच्या रांगा, माधवराव, किती वाजले ते सांगा!"

टिंग! निळा दिवा लागला. "बोला, ऐकतोय," म्हणाला आणि पाठोपाठ, "आठ वाजून वीस मिनिटं झाली आहेत."

माझा चहा नाकातून बाहेर आला.

उखाण्यात नाव घेतलेलं चालतं, नाही का? दोन दिवसांत आत्यांनी भांडारच तयार केलं. पावसाचा वेगळा, भाकरीच्या वेळेचा वेगळा, आणि मला फोन लावायचा खास :

"येडशीच्या ठेसनात गाडी आली शिट्टी वाजवून, माधवराव, दत्ताला द्या फोन लावून!"

लागायचा फोन! मी मांडवाच्या बांबूवर चढलेलो असलो तरी उचलायचो. मला वाटलं, पेपर पास. आनंदानं संगीताला कळवलं. ती खूप हसली... आणि मग म्हणाली,

"दादा, आई पडली तर? पाय मोडून पडलेलं माणूस उखाणा घेत बसेल का रे?"

दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या नावाचा स्पीकर बघू म्हणालो. पण आता ही डबी आत्यांना सोडवेना. "उखाणे पाठ केल्यात म्या," म्हणाल्या. "आता नवा पाव्हणा कशाला?"

शेवटचा रविवार उजाडला. सकाळच्या गाडीनं संगीता येडशीला उतरली. हातात एक मोठी बॅग. मी घ्यायला गेलो तर कागदासारखी हलकी. रिकामी! आत्यांच्या साड्यांसाठी. म्हटलं, आधी चहा घेऊ, निकाल जेवढा लांबेल तेवढा बरा. कप तोंडाला लावला आणि माझा मोबाईल वाजला. पडद्यावर नाव होतं : ‘आत्या डबी’.

"हॅलो," म्हणालो, तर पलीकडं कुणी माझ्याशी बोलतच नव्हतं. लांबून, भिंतीआडून यावा तसा आत्यांचा आवाज येत होता. "...किती डाव सांगितलं, त्या कडीचं काय तरी बघा म्हणून. ऐकलं का कधी? आता बसले का न्हाय म्या कोंडून!"

"आत्या!" मी असा ओरडलो की चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

पलीकडून : "कोण हाय?"

"मी दत्ता!"

"दत्त्या? कवा आलास? दार उघड की मग!"

"मी येडशीला स्टेशनात हाय!"

"मग हितं कशाला वरडायलास?"

झालं होतं असं. आत्या कडबा काढायला ओट्यालगतच्या खोलीत गेल्या, वाऱ्यानं दार धाडकन आपटलं आणि बाहेरची कडी पडली. आत खिडकी नाही. जवळचं घर उसाच्या पलीकडं. आणि डबी? बाहेर ओट्यावर, खुंटीला.

येडशी ते आत्यांचं घर मोटारसायकलवर पंचवीस मिनिटं. मधल्या वेळात संगीता मागं बसून फोनवर आईशी बोलत होती, आणि आत्या तिला विचारत होत्या की येताना कोथिंबीर आणायची राहिली का. कडी काढली तेव्हा आत्या ज्वारीच्या पोत्यावर मांडी घालून निवांत बसलेल्या. "लवकर आलास की," एवढंच म्हणाल्या.

संगीतानं त्यांना गच्च मिठी मारली. मग बाजूला होऊन विचारलं, "आई, आत कोंडल्यावर तुला उखाणा सुचला?"

"कुणाला सुचंल गं? घाबरले व्हते म्या."

"मग नाव घेतलंस?"

"शिव शिव!"

"मग काय म्हणालीस?"

आत्या गोंधळल्या. "काय म्हणायचंय... न्हेमीचंच. अहो, बघा की, म्या कोंडले, दत्त्याला बोलवा. तोंडातनं गेलं. सवय हाय."

मी मोबाईलमध्ये डबीचं ॲप उघडलं. त्यात तुम्ही काय बोललात ते सगळं लिहून येतं. वरती सगळे उखाणे ओळीनं होते. सर्वांत शेवटी, आमच्या चहाच्या वेळेला, ‘दत्ता यांना फोन लावला’. आणि ‘काय ऐकलं’ त्या जागेवर काहीच नाही. कोरी ओळ. इतर एकही ओळ कोरी नव्हती.

मी साऊंडवाला माणूस. लगेच डबीसमोर उभा राहून म्हणालो, "अहो!" दिवा नाही. खालच्या पट्टीत म्हणालो, वरच्या पट्टीत म्हणालो, बायकी आवाज काढून म्हणालो... म्हैस रवंथ करायची थांबली, डबी ढिम्म. संगीतानं दहा-बारा वेळा करून पाहिलं, कडब्याच्या खोलीत जाऊन दार लावूनही पाहिलं. काही नाही. ‘माधव’ म्हटलं की मात्र लगेच टिंग.

पुढं मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला. मुलगी गोड बोलत होती. "सर, आमचा स्पीकर फक्त ‘माधव’ या नावानंच सुरू होतो. ‘अहो’नं होणं शक्य नाही."

"झालाय ना पण."

"शक्य नाही, सर," ती म्हणाली, आणि मग हळूच, "सर... माझ्या आजीसाठी विचारते, कसं केलं तुम्ही?"

मग हट्टाला पेटून तसाच दुसरा स्पीकर आणला. तीच कंपनी, तोच रंग. दोन्ही शेजारी ठेवले. नवीन डबी आत्यांच्या ‘अहो’ला ओळखच देत नाही. खुंटीवरची देते. ‘अहो’ आणि ‘माधव’ यांच्यात एक अक्षरही सारखं नाही. वायर तपासली, बॅटरी तपासली. शेजाऱ्याचा टीव्ही दोन शेतं लांब. माझं तीस वर्षांचं तत्त्वज्ञान संपलं ते तिथंच. आजतागायत मला याचं उत्तर सापडलेलं नाही, आणि खरं सांगू का, शोधायचं मी आता सोडूनही दिलंय. आत्या आहेत तिथंच आहेत, म्हैस व्याली, खरवस येडशीपर्यंत आला. संगीताची बॅग आली तशी रिकामी पुण्याला गेली... म्हणजे रिकामी नाही, आत्यांनी तिच्यात तूर भरून दिली.

पण बॅगेचा निर्णय झाला कसा, ते मी मुद्दाम शेवटी ठेवलंय.

आमचे दोघांचे ‘अहो’ म्हणून घसे बसले, तेव्हा संगीता म्हणाली, "आई, आता तू म्हण. माझ्यासमोर."

"कामाबिगर हाक मारायची नसती," आत्या म्हणाल्या.

"काम आहे ना. तू इथं राहायचंस का नाही, हे काम आहे."

मग आत्या उठल्या. पदर सारखा केला. खुंटीपासून चांगल्या दहा पावलांवर, लिंबाखाली उभ्या राहिल्या. भर दुपार, वारा पडलेला, उसाचं एक पान हलत नव्हतं. डबीकडं न बघता, गोठ्याकडं तोंड करून, रोज मारायच्या तशीच, मोठी नाही का बारीक नाही, त्यांनी हाक मारली :

"अहो..."

टिंग. निळा दिवा. "बोला, ऐकतोय."

संगीतानं माझं मनगट धरलं. मी खुंटीकडं बघतोय, खुंटीवरची डबी माझ्याकडं बघतीय. आणि आत्या? आत्यांनी गर्रकन वळून दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या :

"अगं बया! जित्तेपणी चार हाका मारल्याबिगर कधी ओ दिली न्हाय, अन् आता बघा... पहिल्याच हाकेला!"