पवनेच्या तीन पायऱ्या

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, कराचीच्या बंदरात तीस वर्षं भरती-ओहोटीवर नजर ठेवली. फाळणीत ते बंदर गेलं आणि आम्ही पिंपरी कॅम्पातल्या लष्करी बराकीत येऊन पडलो. आजूबाजूला बहुतेक सिंधी. कराचीची मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी. पण रडत बसणं त्या लोकांना ठाऊकच नव्हतं. काही वर्षांत त्यांनी शाळा भरवली, वाचनालय काढलं, गाण्याची बैठक सुरू केली. गेलेलं शहर ते बराकींत पुन्हा मांडू लागले. मला मात्र हे सगळं पाहून धास्ती वाटायची. एकदा मुळासकट उपटलेली माणसं इतक्या निश्चिंतपणे कशी काय रुजतात?

राहिलं होतं ते पाणी. सिंध्यांच्या पाण्याच्या देवाचं पावसाळ्यात चाळीस दिवसांचं व्रत असतं; त्याची सांगता तिकडे समुद्रात पूजेची मातीची मटकी सोडून व्हायची. इथे पवना होती, पण काठ निसरडा. एका वर्षी मटकी विहिरीत सोडली, तेव्हा वाहतं पाणी नाही म्हणून म्हाताऱ्या बायका ओक्साबोक्शी रडल्या. मग अख्ख्या कॅम्पानं श्रमदानातून नदीवर सात दगडी पायऱ्या बांधल्या. पुढारीपण अण्णांचं. प्रत्येक पायरीच्या कडेला त्यांनी चुन्याची रेघ मारली आणि नियम घातला: वरच्या तीन पायऱ्या कोरड्या असतील तरच खाली उतरायचं, नाहीतर मटकी घरी परत. ‘हा मराठी माणूस आमच्या देवाला थांबवणार का?’ अशी कुजबुज कानावर यायची आणि माझं डोकं फिरायचं.

अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हे फक्त मला माहीत होतं. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. मी बघायचं आणि त्यांनी सांगायचं, असं आमचं ठरलेलं.

सांगतेच्या दुपारी लख्ख ऊन होतं. ढोल वाजत होता. पिंपरी गावातले एक शेतकरी बैल धुवायला आले होते, ते पाण्याकडे बघून तसेच माघारी वळले.

“मावळात लई पडलाय पाऊस,” ते म्हणाले. “पाणी लाल झालंय, काटक्या वाहून येत्यात. आज खाली उतरू नगा.”

सगळे अण्णांकडे बघू लागले. अण्णांनी मान माझ्याकडे वळवली. “किती?”

वरून तिसऱ्या पायरीवरची रेघ ओली होती. पाणी तिच्यावर चढायचं, जरा मागे सरायचं, पुन्हा चढायचं. मागून कुणीतरी हसलं. वडिलांची फजिती मला बघवली नसती.

“तीन,” मी म्हणाले.

अण्णांनी हात वर केला. शेजारचे दादा मटकी डोक्यावर घेऊन उतरले. गाण्याची बैठक त्यांचीच. मला पेटीवर बोटं ठेवायला त्यांनीच शिकवलं होतं. मटकी सोडायला ते वाकले आणि बघता बघता पाणी त्यांच्या कमरेला लागलं. चार-पाच जणांनी हात पुढे केले. एकाच्या हाती नुसती टोपी आली.

दादा दोन दिवसांनी दापोडीला सापडले.

पाणी कुणी पाहिलं होतं, असं लोकांनी विचारलं. “मी पाहिलं. माझ्या डोळ्यांनी,” अण्णा म्हणाले. मी शेजारी उभी होते आणि मी त्यांना तसं म्हणू दिलं. माझी मलाच किळस आली, तरीही म्हणू दिलं.

त्या पुरानं पायऱ्या उखडून नेल्या. पुढच्या उन्हाळ्यात कॅम्पानं त्या पुन्हा बांधायला घेतल्या. दगड बसले आणि एका सकाळी दादांची बायको स्वतः चुन्याची बादली घेऊन आमच्या दारात आली.

“रेघा तुम्हीच मारायच्या,” ती म्हणाली. “तुमच्याइतकं पाणी इथे कुणाला कळतं?”

अण्णा तिला बसायला सांगून आत आले. मी भाकरी थापत होते. ते माझ्याजवळ उकिडवे बसले आणि वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी तो विषय काढला.

“त्या दिवशी तीन होत्या ना गं?”

बाहेर ती बसली होती. तिला ऐकू गेलं असतं.

“हो, अण्णा.”

 ते भिंतीला धरून उठले आणि बाहेर गेले.

“वहिनी, दुसरं कुणीतरी बघा,” मला आतून ऐकू आलं. “तीन कोरड्या असूनही माणूस गेला. मला पाणी कधी कळलंच नव्हतं.”