फणी घेऊन लवकर या

येवल्याहून निघालो तेव्हा बायकोनं माझ्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधली आणि बजावलं, "गाडीत कोणाशी बोलू नका." हे मला! न बोलता मी मनमाडपर्यंतसुद्धा कधी पोचलेलो नाही. पण त्या वर्षी गाडीत बोलायला होतं कोण? मानमोडीची साथ होती (माणसाला मान टाकायला लावणारा ताप, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव). डब्यात जो तो नाकाला उपरणं लावून खिडकीकडे तोंड करून बसलेला. कोणी खोकलं की आख्खा बाक सरकायचा.

माझा धंदा फण्या बांधायचा. पैठणी नेसणारीला जरीचा पदर दिसतो, पण मागाला फणी नसेल तर पदरच होत नाही, हे तिला कुठून ठाऊक असणार? बोरूच्या बारीक पट्ट्या तासायच्या, वर दोन आणि खाली दोन कामट्या धरून त्यांत एकीला एक लावून मेणाच्या दोऱ्यानं आवळायच्या. ताण्याचा एकेक धागा त्या दातांतून जातो आणि विणकर फणी आपटतो तेव्हा आडवा धागा जागेवर बसतो. एक दात मोडला तर लुगडंभर रेघ. बाप हेच करायचा, मीही हेच करतो.

धाकटी बहीण गोदी धुळ्याला दिलेली. मेहुणे यशवंतराव विणकर. घरात लुगड्यांचा माग. त्यांच्या शेजारचे हमीदभाई, तेही विणकरच, सुताच्या कामासाठी येवल्यास आले होते. ते दारात उभ्या उभ्याच म्हणाले, "गोदाअक्कानं सांगितलंय, भावाला म्हणावं फणी घेऊन लवकर या."

"घरी बरं आहे ना?"

"ताप तर सगळ्यांनाच आहे, भाऊ. मी निघालो तेव्हा अक्का दारात उभी होती."

दारात उभी होती आणि फणी मागते! माझा जीव भांड्यात पडला. फणी मागते म्हणजे माग चालू आहे, माग चालू आहे म्हणजे माणसं आपल्या पायांवर आहेत. जुनी फणी मोडली असेल, मागावर लुगडं अडलं असेल, आणि अशा दिवसांत हात रिकामे राहिले की घर खायचं काय? म्हटलं, काहीही होवो, ही फणी वेळेवर पोचली पाहिजे.

पण घरात बोरूची काडी नव्हती. फणीला ओला बोरू चालत नाही, चांगला सुकवलेला लागतो. जळगावजवळच्या असोद्याचे एक आबा दर साल मोळ्या घेऊन येत, ते यंदा फिरकलेच नव्हते. चाळीसगाववरून सरळ धुळ्याला जाता आलं असतं. पण रिकाम्या हातानं जाऊन तिथं काय तोंड बघत बसू? म्हणून आधी जळगाव आणि असोदा, मग तापीकाठची गाडी धरून नरडाणा आणि तिथून धुळे, असा वळसा घ्यायचं ठरवलं. फणी वाटेतच बांधायची.

जळगाव स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं तोच मागून आवाज आला, "फणी घ्या भाऊ, फणी!" मी गर्रकन वळलो. पाहतो तर टोपलीत केळी. तिकडे केळ्यांच्या झुपक्याला फणी म्हणतात, आपल्याकडेही म्हणतात म्हणा, पण माझ्या डोक्यात एकच फणी होती. मी हसून म्हणालो, "अरे, फणीवाल्याला फणी विकतोस होय?" तो काही हसला नाही. "घेऊन ठेवा," म्हणाला. "पुढं पेटलेली चूल दिसायची नाही." घेतली. बरं केलं.

असोद्याची वाट काळ्या रानातून जाते. पाऊस असा झालाच नव्हता, तरी जो काही कापूस आला होता तो बोंडांतून लोंबत होता. वेचायला कोणी नव्हतं. वाऱ्यावर कापूस उडून बाभळींना अडकला होता. बोंडाला हात न लावता शेत सोडून देणारा शेतकरी मी त्याआधी पाहिला नव्हता.

गावात शिरताच विहिरीवर एक बाई भेटली. तिला विचारलं, "बाई, बोरू कुठं मिळेल?"

तिनं पदर डोक्यावर ओढला, कळशी खाली ठेवली आणि हळूच म्हणाली, "कोन गेलं, भाऊ?"

मला कळेना. "कोण कशाला जाईल? मला बोरू पाहिजे, बोरू!" मी जरा आवाज चढवूनच बोललो. तेव्हा तिनं सांगितलं. गावातले बांबू संपले होते. तिरड्या आता बोरूच्या मोळ्यांच्या बांधत होते. बोरू मागायला येणाऱ्याच्या घरी मढं असायचं, दुसरं काही नाही. बोरू म्हटला की शाळेची लेखणी, कुडाची भिंत, विणकराची कांडी, सनईची पत्ती, सुईणीनं नाळ कापायची धारदार चिपटी. एवढ्या कामांचं ते गवत, आणि त्या गावात त्याचं एकच काम उरलं होतं.

आबा घरीच होते, ओसरीत भिंतीला टेकून. दोन्ही मुलं गेली होती. मला ओळखून त्यांनी बसायला खूण केली आणि सुनेनं पुढ्यात कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाची) आणि मिरचीचा ठेचा ठेवला. त्या घरात घास गिळताना लाज वाटत होती. पण न खाल्लं तर त्यांना वाईट वाटलं असतं, म्हणून खाल्लं. कोपऱ्यात सुकलेल्या बोरूची एकच मोळी उभी होती. मी बहिणीचं सगळं सांगितलं.

"ते मी माझ्यासाठी ठेवलेलं हाये," आबा म्हणाले.

मी उठू लागलो. "मग राहू द्या, आबा."

"बस रे. मागाले पायजे ना? जित्या मानसाच्या कामाले येते ना? मंग घेऊन जा."

एवढ्या बोलण्यानंही त्यांना धाप लागली. मोळी खांद्यावर घेतली आणि गावाबाहेर पडेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. वाटेत दोघेजण मला पाहून बाजूला झाले आणि त्यांनी हात जोडले.

नरडाण्यापर्यंतच्या गाडीत माझं काम चांगलं झालं. डबा जवळजवळ रिकामा, प्रत्येक स्टेशनावर बराच वेळ गाडी उभी. चाकूनं पट्ट्या तासत होतो, दोरा दातात धरून आवळत होतो. अमळनेर मागं पडलं तेव्हा निम्मी झाली होती. डबा हिसका द्यायचा तेव्हा दोनदा चाकू लागला, बोट चिंधीनं बांधलं. तिकीट बघायला आलेला बाबू म्हणाला, "काय करता हो?" मी म्हटलं, "बहिणीचं घर चालू करतोय." किती ऐट होती मला! खरंच सांगतो, त्या प्रवासात मी कितीतरी दिवसांनी खुशीत होतो.

नरडाण्याला एक दमणी मिळाली (दोन बैलांची हलकी गाडी). गाडीवान तोंड बांधून बसला होता.

"कोठे जाई ऱ्हायनात, नाना?"

"धुळ्याला."

"अरे देवा! धुळामातून लोके बाहेर पळी ऱ्हायनात अन् तुम्ही मजार जाई ऱ्हायनात?" (लोक बाहेर पळताहेत आणि तुम्ही आत चाललात?)

"बहीण आहे तिथं."

त्यानं बैल हाकले. कोसभर गेल्यावर आपणहून म्हणाला, "मना घरमा बठ्ठा पडेल शेतस." (माझ्या घरी सगळे आजारी पडलेत.) "मग तू गाडी का हाकतोस, बाबा?" असं विचारलं तर म्हणे, घरी बसून बघवत नाही. उन्हं कलली तेव्हा दमणी धुळ्यात शिरली. फणी पुरी बांधून झाली होती. जुन्या धोतरात गुंडाळून मी ती छातीशी धरली होती.

विणकरांच्या गल्लीत शिरलो आणि थबकलो. त्या गल्लीत मागांच्या खटखटीनं शेजाऱ्याशीही ओरडून बोलावं लागतं. आज एकही माग वाजत नव्हता.

हमीदभाई सरळ वाटेनं माझ्या आधीच परतले होते, गोदीच्या दारातच बसले होते. आत यशवंतराव भिंतीकडे पडलेले, तापातून उठले पण अंगात त्राण नाही. मागावर अर्धं लुगडं, हिरवं, आणि त्यातली फणी जिथल्या तिथं, धडधाकट. मग माझी फणी मागवली कशाला? मागाशेजारी गोदी. ओठ निळे, केसांच्या जटा झालेल्या. हमीदभाईंची बायको फातमाबी तिला चमच्यानं पाणी पाजत होती.

"दादा, आलास?" गोदीचा आवाज ओळखू येत नव्हता. "फणी आणलीस?"

मी गुंडाळी सोडली. तिनं पाहिलं आणि हसली. हसता हसता खोकली, तरी हसत राहिली. "अगं बाई... ही? अरे येड्या, आईची फणी. करंड्यातली."

मी फणी खाली ठेवली.

"अहेव चाललेय मी," ती म्हणाली. "शेवटची वेणीफणी माहेरच्या फणीनं करतात ना? म्हणून बोलावलं तुला."

"गप्प बस! कुठं चाललीस? काही बोलू नकोस!" मी ओरडलो. मरणाऱ्या बहिणीवर ओरडलो. मग बाहेर येऊन हमीदभाईंवर ओरडलो, "काय सांगितलं होतं हो तिनं तुम्हाला?"

त्यांनी डोकं धरलं. "माहेरची फणी बोली थी अक्का. भाऊ, तुमच्याकडे फण्याच बांधतात ना? मी मागाचीच समजलो."

त्यांना काय बोलणार? तेही मागवाले, मीही मागवाला. फणी म्हटल्यावर आम्हा दोघांना दुसरं काय सुचणार होतं! सरळ वाटेनं आलो असतो तर निदान दोन दिवस आधी पोचलो असतो, एवढंच डोक्यात घण घालत होतं.

केसांची फणी घ्यायला बाजारात धावलो. एकूणएक दुकान बंद. फातमाबी आपली फणी काढून देत होती, बिचारी. पण गोदी मान हलवून नाही म्हणाली. "माहेरची," एवढंच.

मग मी बांधून आणलेली मागाची फणी मांडीवर घेतली आणि चाकू काढला. मागाच्या फणीचे दात दोन्हीकडून बांधलेले असतात. एक बाजू सोडली की तो कंगवाच.

"मोडू नको रे," गोदी म्हणाली. "चांगली झालीय. मागाला होईल."

कोपऱ्यातून यशवंतराव म्हणाले, "मोडा, दादा."

वीतभर तुकडा कापला, खालच्या कामट्या सोडवल्या, दातांची टोकं घासून गुळगुळीत केली. गोदीनं त्यावरून बोट फिरवलं. फणीवाल्याची पोर ती! म्हणाली, "एक दात सैल आहे."

"गाडीत बांधली गं. डबा हलत होता."

तिचं डोकं मांडीवर घेऊन तेल लावलं आणि एकेक जट सोडवली. बोरूचे दात बारीक, केसांत अडकायचे; मी थांबायचो, ती म्हणायची, "ओढ, दुखत नाही." आम्ही लहान असताना आई अशीच तिची वेणी घालायची आणि ती कोकलून घर डोक्यावर घ्यायची. आज कोकलली असती तर बरं झालं असतं. वेणी घालून झाली तेव्हा तिला झोप लागली. उजाडल्यावर ती गेली.

मागावरचं अर्धं लुगडं यशवंतरावांनी स्वतः उठून कापलं. तेच तिला गुंडाळलं. पांझरेच्या काठी जागा मिळायला दुपार झाली. वेणीत खोवलेली फणी मी काढली नाही.

चाळीसगाववरून परत आलो. कोणाशी बोललो नाही. बायकोचं ऐकलं म्हणायचं. ती दारातच उभी होती. "काय हो, वेळेवर पोचली का फणी?" तिनं विचारलं आणि माझ्याकडे बघून न्हाणीत पाणी काढायला गेली.

धंद्याचा शब्द कानात मळासारखा बसतो, दुसरं काही आत जाऊ देत नाही. अजूनही फण्याच बांधतो, दुसरं येतंय काय मला? विणकर येतात, ओट्यावर बसतात, म्हणतात, "एक फणी पाहिजे." मी विचारतो, "कोणती?" ते हसतात. "फणीवाल्याकडे येऊन दुसरी कोणती मागणार?" म्हणतात. हसू देत. मी विचारतो.