न धुतलेलं दुपटं

मुलगा झाला आणि पहिल्या तासातच त्याची वाटणी सुरू झाली. नाक फणसवाडीचं, म्हणजे माझ्या सासरचं, असं सासूबाईंनी जाहीर केलं. हनुवटी नवऱ्याची, लांब बोटं सासऱ्यांची. माझ्या वाट्याला काहीच येईना तेव्हा मी म्हटलं, निदान रडणं तरी माझं म्हणा. सगळे हसले. माझी आई तेवढी पुढे झाली. तिने बाळाच्या कानाची पाळी दोन बोटांत धरली, नीट पाहिली आणि सोडून दिली.

कोण कोणासारखा दिसतो याला आपण 'वळणावर जाणं' म्हणतो. आजोबांच्या वळणावर गेलाय, आत्याच्या वळणावर गेलीय. हा शब्द मला लहानपणापासून आवडतो. तो ऐकला की एक लांब, सावलीचा रस्ता डोळ्यांपुढे येतो आणि वाटतं, वळणापलीकडे कोणीतरी उभं आहे, इथून दिसत नाही एवढंच.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून तिसऱ्या दिवशी मी बाळाला घेऊन लालबागला आले. आमची चाळ पाडून तिथे टॉवर झालाय. आई एकविसाव्या मजल्यावर राहते आणि लिफ्टबाहेरच्या पॅसेजला अजून गॅलरीच म्हणते. नव्या घरात तिने जुनं फारसं काही आणलं नाही. एक पत्र्याची ट्रंक मात्र आणली. त्यात तिच्या आईची, माझ्या आजीची, नऊवारी लुगडी होती आणि त्याच लुगड्यांची शिवलेली चार दुपटी.

तान्ह्या बाळाला कोऱ्या कापडात गुंडाळत नाहीत. अंगाला सरावलेलं, मऊ झालेलं, घरातल्या कोणीतरी वापरून झिजवलेलं कापड लागतं. माझे आजोबा गिरणीत होते, त्यामुळे कापडाच्या बाबतीत आमचं घर फार मानी. ती दुपटी ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांमध्ये वर्षानुवर्षं जपलेली. बाळ यायच्या आधीच मी आईला सांगितलं होतं, मशीनला लाव, दोनदा लाव. ती हो म्हणाली. तिच्या 'हो'ला काही अर्थ नसतो हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्या दिवसांतलं मला सलग काही आठवत नाही. ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, तेलाने ओशट झालेली उशी, पडद्यामागचं पांढरं ऊन. मी झोपेत होते की जागी, ते मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बाळाला छातीशी घेतलं की दुपट्याचा तो तीव्र, थंडगार वास यायचा. मला तो वास लग्नघरांतल्या कपाटांचा वाटायचा आणि बरं वाटायचं. कधी वाटायचं, मीच त्या ट्रंकेत निजले आहे आणि वरून कोणीतरी हलकेच झाकण लावतंय.

पाचव्या दिवशी सकाळी बाळाने तोंडात काही घेतलंच नाही. आईने त्याला खिडकीशी नेलं आणि तिचा चेहरा उतरला. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीच्या हाताने पुसल्यासारखा पिवळा झाला होता. थोडी कावीळ बहुतेक बाळांना होते हे मला ठाऊक होतं, पण हा रंग थोडा नव्हता. नवरा ऑफिसला जाता जाता बाळाला बघायला आला होता तो तसाच थांबला, आणि आम्ही टॅक्सीने परळच्या हॉस्पिटलात पोचलो.

बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. त्या निळ्या उजेडात तो पाण्याखाली निजल्यासारखा दिसत होता. डॉक्टरीणबाई वयाने माझ्यापेक्षा लहान, पण बोलणं ठाम. त्या म्हणाल्या, कावीळ फार भराभर चढली आहे, रक्तातल्या लाल पेशी फुटताहेत. उद्यापर्यंत काविळीचा आकडा उतरला नाही तर रक्त बदलावं लागेल, नाहीतर मेंदूला धोका आहे. 'रक्त बदलावं लागेल' यातला एकेक शब्द मला कळला, वाक्य कळलं नाही.

मग त्यांनी स्टुलावर पडलेलं दुपटं उचललं, नाकाशी नेलं आणि विचारलं, याला डांबराच्या गोळ्या लावल्या होत्या का?

आईने मान डोलावली. धुतलं होतं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिने ते त्यांच्या हातून घेतलं आणि त्याची घडी घातली. मग हळूच म्हणाली, धुतलं असतं तर माझ्या आईचा वास गेला असता.

मी तिच्याकडे पाहिलं. खरं सांगते, मला तिचा संताप आला. त्या कापडाला आजीचा कसला वास उरला होता? सगळा डांबराचा. ती डोळ्यांनी हुंगत होती, नाकाने नव्हे. डॉक्टर बाहेर गेल्या आणि मी सगळ्यांदेखत तिला म्हटलं,

"धुवायला सांगितलं होतं ना मी तुला?"

आई दाराबाहेर जाऊन बाकावर बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. आपल्या लाल पेशींना गंजण्यापासून वाचवणारं एक एन्झाइम असतं. ते कसं बनवायचं ते डीएनएवर लिहिलेलं असतं. माझ्या बाळाच्या लिखाणात त्या ठिकाणी एक अक्षर वेगळं पडलं आहे, म्हणून ते एन्झाइम कमी आणि कमजोर बनतं. एरवी काही बिघडत नाही. माणूस म्हातारा होईपर्यंत कळतही नाही. पण डांबरगोळ्यांचा वास, काही ठरावीक औषधं, असं काही वाट्याला आलं की पेशी फुटायला लागतात.

मी सरकारी कचेरीत रेकॉर्ड विभागात काम करते. मूळ कागद आम्ही कधीच खोलीबाहेर जाऊ देत नाही, त्याची नक्कल काढून देतो आणि पुढचं सगळं काम त्या नकलेवर चालतं. डॉक्टर म्हणाल्या, पेशीतही अगदी असंच. मूळ डीएनए आतल्या खोलीत राहतो, लागेल तेवढ्या मजकुराची नक्कल बाहेर जाते आणि त्या नकलेवरून प्रथिनं घडतात. सगळ्या पेशींत सगळं दफ्तर असतं, पण डोळ्याची पेशी आपलीच पानं उघडते, यकृताची आपली. लाल पेशी तर मोठी झाली की आपलं सगळं दफ्तर टाकून देते. आधी बनवून ठेवलेल्या शिदोरीवर तिला महिनोन् महिने दिवस काढायचे असतात. माझ्या बाळाच्या पेशींची शिदोरी अपुरी होती.

या दफ्तरातलं हे पान मुलाला आईकडूनच येतं, असं त्या म्हणाल्या. बायकांकडे त्या मजकुराच्या दोन प्रती असतात. प्रत्येक पेशी दोहोंतली एक बांधून ठेवते आणि एक वाचते. कुठली, ते नशिबावर. माझ्या काही पेशी चुकीची प्रत वाचतात, काही बरोबर, आणि बरोबरवाल्या मला निभावून नेतात. मुलाकडे मात्र एकच प्रत, आईने दिलेली. ती चुकली की चुकलीच.

मी त्या निळ्या पेटीशेजारी खुर्चीत बसून होते. मला आठवलं, शाळेत बाईंनी सांगितलं होतं की मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या पोटात तिची सगळी बीजं तयार झालेली असतात. म्हणजे माझं बाळ ज्या बीजातून आलं, ते मी आईच्या पोटात असताना तिच्याच पोटात होतं. आणि आई आजीच्या पोटात असताना मीही बीज होऊन तिथेच होते. आजी मालवणी बोलत जात्यावर बसायची, जिन्यावरून पाण्याच्या कळश्या चढवायची, आणि मी आत कुठेतरी एका ठिपक्याएवढी झुलत होते. त्या वेगळ्या पडलेल्या अक्षराचा ठिपकाही माझ्यासोबत झुलत होता. डोळा लागला तेव्हा मी एका बाईच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी अशी चालत होते, आणि सगळ्यांच्या अंगाला एकच ऊब होती.

जाग आली ती डॉक्टरांच्या आवाजाने. त्या आईला विचारत होत्या, तुमच्या माहेरी कोणा मुलाला लहानपणी असं झालं होतं का? भाऊ, मामा?

"मला भाऊ नाही," आई म्हणाली. तिचं हे उत्तर मी जन्मभर ऐकत आले होते.

डॉक्टर निघाल्या. दारापर्यंत पोचल्या असतील नसतील, तोच आईने त्यांना हाक मारली. ती उभी राहिली होती आणि तिने माझ्या खुर्चीची पाठ धरली होती.

"तिन्हीसांजेला बाळाला बाहेर नेलं की असं होतं का?"

डॉक्टर परत आल्या. आईने मग जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. ती सात वर्षांची असताना तिला भाऊ झाला होता. सहाव्या दिवशी, दिवेलागणीला, सगळ्यांची नजर चुकवून तिने त्याला उचललं आणि मैत्रिणींना दाखवायला गॅलरीत नेलं. फार वेळ नाही, एक-दोन मिनिटं. दोन दिवसांनी तो पिवळा पडला. त्याला उन्हात ठेवलं, दृष्ट काढली. नवव्या दिवशी तो गेला. तो त्याच ट्रंकेतल्या दुपट्यात गुंडाळलेला होता. आजोबा गिरणीच्या गोदामातून डांबराच्या गोळ्या आणत. आजीने आईला एकदाच विचारलं होतं, "तिन्हीसांजेक त्येका भायर कित्याक व्हरलंस?" त्यानंतर घरात त्याचं नाव निघालं नाही. निघणार कसं, बारसं झालंच नव्हतं. आजी मरेपर्यंत आई त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधत राहिली आणि आजी गेल्यावरही.

डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांनी मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण तुम्ही सांगता आहात ते सगळं याच आजाराशी जुळतंय. "तिन्हीसांजेचा याच्याशी काही संबंध नाही. तुम्ही काही केलं नाही."

आई रडली नाही. ती म्हणाली, "तेव्हा नाही केलं. या वेळी केलं. अक्षरही माझ्याकडचं आणि दुपटंही मीच काढलं."

मला कालचं माझं वाक्य आठवलं. आजीच्या प्रश्नाला आणि माझ्या प्रश्नाला फक्त बोली वेगळी होती. आईने एक प्रश्न आयुष्यभर वागवला होता आणि आता मी तिच्या हातात दुसरा दिला होता, तिच्याकडे तो वागवायला आणखी तेवढी वर्षं उरली नसताना. मला लाज वाटली. माफी मागायची आमच्याकडे पद्धत नाही. मी डबा उघडून तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, खाऊन घे, कालपासून उपाशी आहेस. मग मात्र मला राहवलं नाही आणि मी म्हटलं, मी काल बोलले ते वाईट बोलले, तुला माहीत असतं तर तू ती दुपटी खिडकीतून फेकून दिली असतीस. ती म्हणाली, फेकली नसती, धुतली असती. आणि आम्ही दोघी हसलो, त्या निळ्या पेटीशेजारी, हसायची ती वेळ नसताना.

दुपारी पुन्हा रक्त घेतलं. आकडा थोडा उतरला होता. संध्याकाळी आणखी थोडा. रक्त बदलावं लागलं नाही. दोन दिवसांनी पट्टी काढली तेव्हा बाळाने डोळे उघडले आणि दिव्याऐवजी माझ्या बांगडीकडे पाहिलं.

घरी सोडण्याआधी समुपदेशकांना भेटायचं होतं. टाळायच्या औषधांची यादी त्यांनी दिली आणि मग एक कोरा कागद ओढून घराण्याचा तक्ता काढायला घेतला. बाईसाठी वर्तुळ, पुरुषासाठी चौकोन, भावंडांत मोठं ते डावीकडे, असं त्यांनी सांगितलं. बाळाचा चौकोन, माझं वर्तुळ, त्याच्यावर आईचं. मग त्यांनी सवयीने विचारलं, तुम्हाला भावंडं?

"एक भाऊ," आई म्हणाली.

त्यांनी तिच्या वर्तुळाच्या डाव्या बाजूला एक चौकोन काढला, गेलेल्या माणसासाठी काढतात तशी त्यावर तिरकी रेघ मारली आणि खाली लिहायला नाव विचारलं. नाव ठेवलेलं नाही, असं मीच सांगितलं. त्यांनी जागा रिकामी सोडली. ना रेशनकार्डावर, ना कोणाच्या वहीत, तो आजवर कुठेच लिहिला गेला नव्हता. आई कागदावर वाकली आणि तिने त्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हा इकडे नको. डावीकडे मोठे काढतात ना?" ती म्हणाली. "मोठी मी. हा माझ्या पाठचा आहे."