ममरजब-अका आणि विटांचा डोळा

फरगान्याजवळच्या रिश्तान गावात, कुंभारआळीच्या तोंडाशी ममरजब-अकाचा चायखाना आहे. चहा विकणं हा त्याचा धंदा आणि संशय घेणं हा जोडधंदा. कसायाने मांस स्वस्त दिलं तर जनावर आजारी असणार, महाग दिलं तर कसाई आजारी असणार, असा त्याचा हिशेब. रेडिओवर कडक ऊन पडेल असं सांगितलं की हा बाजेवरच्या गाद्या आत घेतो. नातू झाला तेव्हा सुईण म्हणाली, "अगदी तुमच्यावर गेलाय हो." तर ममरजब-अकाने डोळे बारीक करून विचारलं, "असं का म्हणालीस? काय हवंय तुला?"

पण चहाच्या बाबतीत चाळीस वर्षांत त्याला कोणी नाव ठेवलं नव्हतं. पाहुण्याला पियाला अर्धाच द्यायचा. मान जेवढा मोठा, तेवढा चहा थोडा. म्हणजे पाहुण्याने पुन्हा मागावा आणि आपण पुन्हा उठावं. काठोकाठ भरलेला पियाला हातात आला, तर त्याचा अर्थ एकच : पी आणि चालायला लाग. शिवी परवडली, शिवीला निदान उलट शिवी देता येते.

अशा या माणसाच्या डोळ्यांत दोन हिवाळ्यांपूर्वी धुकं शिरलं. आधी डाव्या, मग उजव्या. सगळं गाव हमामाच्या वाफेत बसल्यासारखं दिसू लागलं. त्याने हे कोणाला सांगितलं नाही. कारण ताश्कंदला असलेला त्याचा मुलगा बहरोम त्या साली नवरोजला आला होता तेव्हा म्हणाला होता, "बाबा, ज्या दिवशी तुम्ही उकळत्या पाण्याशी धडपडाल, त्या दिवशी चायखान्याला कुलूप. मग गुमान आमच्याकडे येऊन राहायचं." बहरोमचं घर आठव्या मजल्यावर. तिथे शेजारी सलाम करत नाहीत आणि लिफ्ट मधेच थांबून विचार करते. तिथे जाण्यापेक्षा समोवाराच्या उकळत्या पाण्यात उडी घेतलेली बरी, असं ममरजब-अकाचं मत.

म्हणून तो पावलं मोजून चालायला शिकला. समोवारापासून तुतीखालच्या मोठ्या बाजेपर्यंत बारा, दारापर्यंत एकोणीस. माणसं खोकल्यावरून ओळखायची. आणि चहा ऐकून ओतायचा : पियाला रिकामा असतो तेव्हा धार खणखणते, अर्धा झाला की आवाज जाड होतो. तिथे थांबायचं.

एप्रिलमध्ये दुरुस्तीसाठी शाळेची जमीन उखडली आणि जीवशास्त्राच्या बाई मुहय्यो ओपा चायखान्यात आल्या. दर शनिवारी दोन तास मोठी बाज मिळेल का, असं विचारत होत्या.

"शिकवणार काय?"

"डोळा. प्लास्टिकच्या विटा जोडून मुलं डोळा बांधणार."

ममरजब-अकाच्या मनात पाल चुकचुकली. "डोळाच का? नाक का नाही?"

"नाकाचा धडा पुढच्या महिन्यात आहे, अका."

उत्तर इतकं तयार होतं की संशय पक्काच झाला. ही बाई ताश्कंदहून पाठवलेली आहे. नाकाचं नाव नुसतं निमित्ताला. पण नाही म्हणावं तर बहरोम विचारणार, का नाही म्हणालात? म्हणून त्याने होकार दिला आणि कान टवकारून बसला.

पहिल्या शनिवारी बारा पोरं आणि एक मोठा खोका आला. पांढऱ्या विटांची अर्धी वाटी झाली : डोळ्याची भिंत. पुढे तपकिरी विटांचं कडं : बुबुळ. मधे जागा मोकळी ठेवली.

"ओपा, इथली वीट राहिली," जसूर नावाचा पोरगा म्हणाला.

"राहिली नाही. बाहुली म्हणजे भोकच असतं. त्यातून उजेड आत जातो."

समोवाराशी उभा असलेला ममरजब-अका दुखावला. ज्या बाहुलीची त्याच्या दिवंगत बायकोने लग्नात तारीफ केली होती, ते भोक? या शाळामास्तरांचा भरवसा नाही.

"आणि भोकाच्या मागे भिंग," ओपा पुढे म्हणाल्या. "ते असं पारदर्शक. मागच्या भिंतीवर लाल पट्ट्या, तो पडदा. पिवळी नळी म्हणजे नस, ती मेंदूकडे जाते."

"जसूरची नस मधेच तुटलीय, ओपा," एक पोरगी ओरडली. ही सबोहात, दहा वर्षांची, आणि जिभेला हाड नाही.

"तुझ्या जिभेला जोडलीय ती!" जसूर म्हणाला, आणि विटांची फेकाफेक झाली.

दुसऱ्या शनिवारी ओपा स्वतःहून समोवाराशी आल्या. "अका, या कोपऱ्यात अंधार आहे. तुम्हाला त्रास नाही होत?"

झालं. चौकशी सुरू! "चाळीस वर्षांत नाही झाला," तो म्हणाला, आणि विषय बदलावा म्हणून बाजेवर जाऊन सगळ्यांसमोर त्यांच्यासाठी पियाल्यात चहा ओतू लागला. मागे बारा पोरं खोक्यात हात घालून विटा खळखळवत होती. त्या खळखळाटात धारेचा आवाज कुठच्या कुठे गेला. त्याने अंदाजाने हात आवरला आणि पियाला अदबीने पुढे केला, डावा हात छातीवर ठेवून.

बाजेवरची खळखळ थांबली. ओपांनी पियाला घेतला, चटका सोसत सगळा चहा संपवला, "रहमत, अका" म्हणत आभार मानले आणि पोरांना उठवलं. पाच मिनिटांत बाज रिकामी.

वर्ग लवकर कसा सुटला? ममरजब-अकाला शंका राहिली नाही. बाई बहरोमला फोन करायला गेली.

तेवढ्यात खाकरत होल्मत न्हावी जवळ आला. पन्नास वर्षांपासूनचा दोस्त, समोरच दुकान. "काय रे, मास्तरणीला काठोकाठ पियाला दिलास? वरून छातीवर हात? मुद्दाम भरलास, की..."

मुद्दाम नाही म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला. "मुद्दाम," ममरजब-अका म्हणाला. "मला तिच्या वागण्याचा संशय आला."

"बघ. पुन्हा विचार कर."

"मुद्दाम म्हणजे मुद्दाम!"

होल्मतने सुस्कारा टाकला. "माझी नात तिच्या वर्गात आहे, ममरजब. माझ्या दुकानात जागा लहान, पण वर्ग तिथे भरेल."

आमच्याकडे माणूस चोरी करून सुटेल, पाहुण्याला हाकलून नाही सुटत. सोमवारी कुंभार आले नाहीत. मंगळवारी पोस्टमन दारातूनच परतला. एकोणीस पावलांत ममरजब-अकाला एकही खोकला ऐकू येईना. ज्या चायखान्यासाठी त्याने खोटं सांगितलं होतं, तो त्या खोट्यानेच रिकामा होत चालला होता. हे त्याला कळत होतं. पण खरं सांगितलं तर कुलूप, आणि नाही सांगितलं तर कुलपाचीही गरज उरणार नाही, अशा कात्रीत बिचारा सापडला.

बुधवारी बाज झाडताना त्याच्या हाताला खोका लागला. पोरं घाईत विसरून गेली होती. आजूबाजूला कोणी खोकत नाही याची खात्री करून तो बसला आणि अर्धवट बांधलेला डोळा मांडीवर घेतला. बोटांना सगळं नीट लागत होतं : भिंत, कडं, भोक. भोकात करंगळी घालून तो भिंगापर्यंत पोचला होता, एवढ्यात आवाज आला :

"आजोबा, डोळ्यात बोट घालू नये."

"कोण? सबोहात? तुला कोणी पाठवलं?"

"ओपांनी. खोका न्यायला."

"आणि काय काय बघून यायला सांगितलं?"

"खोका! तेवढाच. द्या इकडे. त्यातलं भिंगसुद्धा खोटं आहे. खरं जसूरने हरवलं होतं, म्हणून दुधी वीट बसवली. आता सापडलं. हे बघा."

तिने दुधी वीट उपसली आणि दोन्ही तुकडे त्याच्या तळव्यावर ठेवले. ममरजब-अकाने एकेक उचलून उन्हाकडे धरला. साफ तुकड्यातून ऊन थेट टोचलं, त्या धुक्यातसुद्धा. दुधी तुकड्यातून मात्र नुसता ताकासारखा उजेड झिरपला. हे ताक त्याच्या ओळखीचं होतं. दोन वर्षं तो तेच बघत होता.

"हे दुधी बघून ओपा रागावल्या नाहीत?"

"छे! म्हणाल्या, राहू द्या, म्हातारपणी असंच होतं. मोतीबिंदू म्हणतात."

"माझं नाव घेतलं?"

"तेव्हा नाही. तुमचं नाव तुम्ही हाकलल्यावर घेतलं. सांगू काय म्हणाल्या?"

"नको." त्याने दुधी तुकडा बोटांत फिरवला. "असं झालं की माणसाने काय करायचं? बसायचं घरी?"

"कशाला? दुधी काढायचं, साफ बसवायचं." तिने टक करून साफ तुकडा बसवलासुद्धा. "एका विटेसाठी अख्खा डोळा कोण मोडतं, आजोबा?"

ममरजब-अकाने खोका उचलला. "चल. तू पुढे हो. खोक्याची एक बाजू धर, जड आहे."

खोका मुळीच जड नव्हता. पण चायखान्याबाहेरची पावलं त्याने कधी मोजली नव्हती.

होल्मतच्या दुकानात एक गिऱ्हाईक साबण लावून बसलं होतं, दोघे बाकावर वाट बघत होते, आणि मुहय्यो ओपा शनिवारसाठी टेबल कुठे मांडायचं ते ठरवत होत्या. ममरजब-अका उंबऱ्यातच थांबला. आत गेल्यावर धीर सुटेल अशी त्याला भीती होती.

"ओपा, तो पियाला मी मुद्दाम नव्हता भरला."

"मग कसा भरला?" ओपांचा आवाज कोरडा होता. "मी चार दिवस झोपले नाही, अका. आईला विचारत बसले, माझं काय चुकलं म्हणून."

"मी ऐकून ओततो. पोरं विटा वाजवत होती." त्याने खोका खाली ठेवला. "मला दिसत नाही."

होल्मतने वस्तरा खाली ठेवला.

"चला, निघालं एकदाचं तोंडातून," होल्मत म्हणाला.

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

"अरे, वर्षभर मी आरसा समोर धरायच्या आधीच तू 'झकास झाली दाढी' म्हणतोस. एकदा तर निम्मीच झाली होती! मी मागच्या शरद ऋतूतच बहरोमला कळवलं."

ममरजब-अका हादरला. कसायावर, रेडिओवर, सुईणीवर, मास्तरणीवर संशय घेण्यात त्याने हयात घालवली. आणि खरा हेर रोज त्याच्या गळ्याशी वस्तरा धरून उभा होता.

त्याने तिथूनच मुलाला फोन लावायला सांगितला.

"होल्मत-अकांनी सांगितलं होतं," बहरोम म्हणाला. "पण तुमच्याशी बोलायचं म्हणजे पहिलं एक तास, कोणी सांगितलं, का सांगितलं. म्हटलं, स्वतःच बोलतील तेव्हा बघू."

"आणि ते कुलूप?"

"उकळत्या पाण्याशी धडपडलात का?"

"नाही. पियाला भरला जास्त."

"मग डोळे करून घ्या आणि चहा ओता तुमचा. मी मंगळवारी येतो, फरगान्याला जाऊ."

"इतक्या लवकर कबूल कसा झालास तू?" ममरजब-अका म्हणाला, तेव्हा बाकावरचे दोघे हसू लागले, आणि साबणवाल्या गिऱ्हाइकाचा फेस मुहय्यो ओपांच्या बाहीवर उडाला. त्याही हसल्या, थोड्या उशिरा, पण हसल्या.

मंगळवारी फरगान्याच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण निघाला. त्याने दहा मिनिटांत काम होईल असं सांगितलं.

"दहा मिनिटांत अंडं धड उकडत नाही," ममरजब-अका म्हणाला. "बरं, ते काढलेलं भिंग नंतर मला दाखवायचं. नाहीतर काढलं कशावरून?"

"ते दाखवता येत नाही, आजोबा. काढताना त्याचा आतच चुरा करतो आम्ही."

"बरोबर," ममरजब-अका बहरोमकडे वळून म्हणाला, "पुरावाच ठेवत नाहीत." आणि डोक्यावरची दोपी काढून मुलाच्या हातात देऊन तो टेबलावर आडवा झाला.