आधी समोरच्या गावाचं

आईचा फोन आला तेव्हा मी रायपूरला शंकर नगरच्या ऑफिसात डबा उघडत होते. "मोठे बाबा गेले," ती म्हणाली. मी "बरं" म्हटलं आणि झाकण पुन्हा लावलं.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, सिंचन खात्यातून निवृत्त झालेले. रायपूरबाहेर दोन पंचायतींचा मिळून एक तलाव आहे. वरच्या गावाला उन्हाळी धानासाठी पाणी हवं, खालच्या गावाला आंघोळीला आणि गुरांना. पाणी सोडायच्या गेटवरून दरवर्षी भांडणं. निवृत्तीनंतर मोठ्या बाबांनी दोन्ही सरपंचांना चौबे कॉलनीतल्या घरी बोलवायला सुरुवात केली. नियम एकच: आधी समोरच्या गावाची अडचण सांगायची. समोरचा "हव", म्हणजे "हो, हेच", म्हणेपर्यंत आपली काढायची नाही.

ठरलेलं लिहून घ्यायला मी बसायचे. खालच्या गावच्या सरपंचबाई एकदा वैतागल्या, "बाबूजी, इनका दुखड़ा भी मैं ही रोऊँ?" वरचे सरपंच हसले, "रो लो दीदी, आप अच्छा रोती हो." चहा संपेपर्यंत पाण्याचे दिवस ठरले होते. नंतर मी विचारलं, असं उलटं का? मोठे बाबा म्हणाले, "काहून म्हणजे? सोताचं दुखणं तं कोणालेबी सांगता येते, पोट्टी."

गेल्या उन्हाळ्यात गुडघे धरले होते, म्हणून त्यांनी दोघांशी वेगवेगळं फोनवर बोलून वाटणी केली. आठवड्याभरात गेटची साखळी तुटलेली सापडली. कोणी तोडली, हे त्यांनी विचारलंच नाही. "माहंच चुकलं. फोनवर पाणी वाटाले गेलो," एवढंच म्हणाले.

ते गेल्यावर महिन्याभराने दोघं सरपंच घरी आले. यंदाचं पाणी ठरायचं राहिलं होतं. मोठ्या बाबांच्या खुर्चीत कुणी बसेना. दोघं एकदमच आपापलं सांगू लागले, आवाज चढले. नियम मला पाठ होता, पण मी नुसती वही उघडून बसले. बाई उठल्या, चपलांपर्यंत गेल्या. यंदाही साखळी तुटणार, असं वाटलं... त्या दारातच थांबल्या. मागे न वळता म्हणाल्या, "इनकी नहर बीच में फूटी है. आखिरी खेतों तक पानी पहुँचता ही नहीं."

वरचे सरपंच म्हणाले, "हव."

बाई परत येऊन बसल्या. मी पहिली ओळ लिहिली आणि वरच्या सरपंचांकडे पाहिलं.

"अब आप," मी म्हणाले, "इनका बताइए."