आठव्या खाटेची घंटा

रुग्णालयातल्या घंटांचा प्रोग्राम जावयाने लिहिला होता, आणि ते सांगताना त्याची मान ताठ होई. आठ खाटा, आठ बिट, म्हणजे शून्य किंवा एक भरायच्या आठ जागा; त्या मिळून एक आकडा. घंटा दाबली की त्या खाटेचा बिट एक. त्या आकड्याचा त्याच्याच ऋण आकड्याशी ‘अँड’ केला, म्हणजे दोन्हींत एक असेल तिथेच एक ठेवला, की सर्वांत खालचा, म्हणजे सर्वांत लहान नंबरच्या खाटेचा, एक तेवढा उरतो, आणि तीच खाट नर्सच्या फलकावर झळकते. एका ओळीत काम फत्ते!

आज आठव्या खाटेवर सासरे घामाघूम होते. “जावईबापू, केव्हाचा घंटा दाबतोय. छातीत कळ येतेय.”

त्याने वळून फलकाकडे पाहिलं. फलकावर पहिली खाट होती. तिथले आजोबा पंख्यासाठी बटण दाबूनच बसले होते.

“सिस्टर, आठ नंबर!”

“आधी पहिला. फलक तुम्हीच बसवलात ना?”

त्याने धावत जाऊन आजोबांचं बटण हिसकावलं. फलकावर आठ उमटला, सिस्टर पळाली.